जपानच्या विद्यार्थी-व्हिसासाठी भाषेची अट : स्वरूप आणि पूर्वतयारी

जपानमध्ये शिक्षणासाठी जाऊ इच्छिणारे तरुण अभ्यासक आमच्याकडे जी विचारणा करतात, तीत एक प्रश्न हटकून असतो : 'व्हिसासाठी जपानी भाषेची कोणती परीक्षा द्यावी लागते?' प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यात दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. विद्यार्थी म्हणून देशात प्रवेश देताना जपानचे सरकार भाषाज्ञानाविषयी काय पाहते, हा पहिला. आणि ज्या विद्यापीठात शेवटी शिकावयाचे आहे ते विद्यापीठ काय पाहते, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे एक नाहीत, आणि त्यांतील अंतर फार मोठे आहे. पहिल्या अटीची पूर्तता झाली म्हणजे सर्व मार्ग मोकळा झाला, अशा समजुतीने घरातील दागिने मोडले जातात, कर्ज काढले जाते, आणि दोन वर्षांनी मुलगा विद्यापीठाच्या उंबरठ्यावरून परत येतो. म्हणून या अटीचा उलगडा जरा विस्ताराने करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भाषेच्या प्रमाणपत्राची खरी छाननी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होत नाही. ती जपानमध्ये होते. जपानमधील शिक्षणसंस्था विद्यार्थ्याच्या वतीने तेथील प्रादेशिक आप्रवासन कार्यालयाकडे अर्ज करते. ते कार्यालय विद्यार्थ्याचे शिक्षण, त्याचा खर्च कोण व कोठून करणार आणि त्याला जपानी किती येते, हे कागदपत्रांवरून तपासते. समाधान झाल्यास 'निवासपात्रता प्रमाणपत्र' मिळते. हे प्रमाणपत्र घेऊन विद्यार्थी आपल्या देशातील जपानी दूतावासाकडे व्हिसा मागतो. तेव्हा 'व्हिसाची भाषापरीक्षा' म्हणून जी ओळखली जाते, ती वस्तुतः या निवासपात्रता प्रमाणपत्रासाठीची अट आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. दूतावासाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून परीक्षा देणाऱ्याचे प्रमाणपत्र उशिरा पोहोचते, कारण निर्णय त्याच्या कितीतरी महिने आधी झालेला असतो.

ही अट सर्व विद्यार्थ्यांना सारखी नाही. पूर्वी जपानी भाषा-विद्यालयात जाणाऱ्यांसाठी एक आणि विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी दुसरा असे निवासाचे दोन प्रकार होते. २०१० साली ते एकत्र करण्यात आले. तरीही संस्थेच्या प्रकारानुसार भाषेची अपेक्षा वेगळीच राहिली. पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाने थेट प्रवेश दिला असेल, तर विद्यार्थ्याच्या भाषाज्ञानाचा निर्णय विद्यापीठाचाच मानला जातो. आप्रवासन कार्यालय वेगळ्या परीक्षेचा आग्रह सहसा धरीत नाही. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याला म्हणूनच जपानीचे प्रमाणपत्र नसतानाही व्हिसा मिळू शकतो. व्यवसाय-शिक्षणाच्या विद्यालयांसाठी मात्र नियम कडक आहे. जपानी भाषा प्राविण्य परीक्षेची एन-२ ही पातळी, किंवा जपानमधील विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेत जपानी विषयात किमान २०० गुण, किंवा व्यावसायिक जपानीच्या परीक्षेत किमान ४०० गुण, किंवा जपानमधील मान्यताप्राप्त भाषा-विद्यालयात सहा महिने वा अधिक काळ शिक्षण, यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. आणि सर्वांत खालची पायरी, जिच्यावरून आपल्याकडील बहुसंख्य विद्यार्थी चढतात, ती म्हणजे भाषा-विद्यालय. येथे प्राविण्य परीक्षेची एन-५ ही प्राथमिक पातळी किंवा तिच्या तोडीची अन्य मान्य परीक्षा, अथवा सुमारे १५० तास जपानी शिकल्याचे प्रमाणपत्र अपेक्षित असते.

हा १५० तासांचा आकडा कोठून आला, असे वाचक विचारतील. प्राविण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या चार पातळ्या होत्या. सर्वांत सोप्या चौथ्या पातळीसाठी सुमारे १५० तासांचा अभ्यास, १०० कांजी चिन्हे आणि ८०० शब्द असे मान सांगितले जाई. दुसऱ्या पातळीसाठी हेच मान ६०० तास, १००० चिन्हे आणि ६००० शब्द असे होते. पहिलीसाठी ९०० तास, २००० चिन्हे आणि १०,००० शब्द. २०१० साली परीक्षेची फेररचना होऊन एन-१ ते एन-५ अशा पाच पातळ्या झाल्या आणि शब्दांच्या अधिकृत याद्या देणे बंद झाले. पण जुन्या चौथ्या पातळीचे मान आजच्या एन-५ ला, आणि दुसरीचे एन-२ ला, अंदाजासाठी लावण्यास हरकत नाही. या दोन आकड्यांकडे एकवार शांतपणे पाहावे. शंभर चिन्हे आणि हजार चिन्हे. आप्रवासन कार्यालय पहिल्यावर समाधान मानते. जपानी माध्यमाची विद्यापीठे साधारणतः दुसऱ्यापासून पुढे बोलू लागतात.

एन-५ परीक्षेचे स्वरूप सांगावयाचे तर ती संपूर्णपणे पर्याय निवडण्याची परीक्षा आहे. तीत बोलणे नाही आणि लिहिणेही नाही. एकूण गुण १८०. त्यांतील १२० गुण शब्द, व्याकरण व वाचन यांना एकत्रितपणे आणि ६० गुण ऐकून समजण्याला. उत्तीर्ण होण्यास एकूण ८० गुण लागतात, परंतु तेवढ्याने भागत नाही. पहिल्या विभागात किमान ३८ आणि श्रवणात किमान १९ गुण पडलेच पाहिजेत. पुस्तकावर घोकंपट्टी करून पहिल्या विभागात ९० गुण मिळविलेला विद्यार्थी श्रवणात १८ वर अडकला, तर तो अनुत्तीर्णच. आपल्या खेड्यापाड्यांतून आणि तालुक्याच्या गावांतून तयारी करणाऱ्या मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडण्याचा संभव असतो, कारण त्यांच्या कानावर जपानी पडतच नाही. एन-२ साठी शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण असे तीन विभाग प्रत्येकी ६० गुणांचे असून एकूण ९० आणि प्रत्येकात किमान १९ अशी अट आहे.

ही परीक्षा जुलै आणि डिसेंबर या दोन महिन्यांत, रविवारी होते. महाराष्ट्रात पुणे हे तिचे जुने केंद्र. नोंदणी कित्येक महिने आधी बंद होते, हे लक्षात ठेवावे. जुलैच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस व डिसेंबरच्या परीक्षेचा जानेवारीच्या अखेरीस कळतो, आणि छापील प्रमाणपत्र हाती येण्यास आणखी काही आठवडे लागतात. आता याची सांगड जपानी शाळांच्या वेळापत्रकाशी घालून पाहू. भाषा-विद्यालयांत प्रवेश मुख्यतः एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होतो. काही शाळांत जुलै व जानेवारीतही. एप्रिलच्या प्रवेशासाठी शाळा आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज घेतात आणि आप्रवासन कार्यालयाचा निर्णय फेब्रुवारीच्या अखेरीस येतो. म्हणजे डिसेंबरात परीक्षा देऊन पुढील एप्रिलमध्ये जपानला पोहोचण्याचा बेत बहुधा फसतो. अर्जाच्या वेळी त्याच्याजवळ निकालच नसतो. एप्रिलमध्ये जावयाचे असेल तर आदल्या वर्षीच्या जुलैची परीक्षा गाठली पाहिजे. डिसेंबरची परीक्षा पुढील ऑक्टोबरच्या प्रवेशाला उपयोगी पडते. ज्यांची संधी हुकली, त्यांच्यासाठी नॅट-टेस्ट, जे-टेस्ट यांसारख्या परीक्षा आहेत. त्या वर्षातून सहा वेळा होतात आणि त्यांच्या प्राथमिक पातळ्याही पुष्कळ ठिकाणी ग्राह्य धरल्या जातात. तथापि कोणती परीक्षा चालेल, हे आपण ज्या शाळेत जाणार तिलाच लेखी विचारावे. मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

एप्रिल की ऑक्टोबर, हा प्रश्न पुष्कळांना गौण वाटतो. तो तसा नाही. भाषा-विद्यालयात जास्तीत जास्त दोन वर्षे राहता येते, आणि जपानी विद्यापीठांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. एप्रिलमध्ये दाखल झालेल्याला पुरी दोन वर्षे मिळतात. ऑक्टोबरमध्ये आलेल्याला दीडच. एन-५ वरून एन-२ पर्यंत पोहोचावयाचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या सहा महिन्यांचे मोल कळते. शाळेत वर्षाला किमान ७६० तासिका होतात, ही गोष्ट खरी. तेव्हा जुन्या मानाच्या ६०० तासांचा हिशेब सहज जुळतो असे वाटेल. पण त्याच वर्गात शेजारी बसलेला चिनी विद्यार्थी कांजी लहानपणापासून वाचीत आलेला असतो. आपल्याकडून जाणाऱ्याला ती एकेक करून मिळवावी लागतात. त्यातच विद्यार्थ्याला परवानगी घेऊन आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करता येते आणि शुल्क भागविण्यासाठी बहुतेक जण त्या मर्यादेपर्यंत काम करतात. रात्री उपाहारगृहात भांडी घासून सकाळी चिन्हे गिरविणे किती कठीण जात असेल, याची कल्पना निघण्यापूर्वीच केलेली बरी. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, नियम एन-५ वर समाधान मानीत असला तरी विद्यार्थ्याने मायदेशातच एन-४, आणि जमल्यास एन-३ पर्यंत मजल मारून मगच निघावे. येथील एक वर्षाचा खर्च तेथील तीन महिन्यांच्या खर्चापुढे काहीच नाही.

विद्यापीठात पदवीसाठी जाणाऱ्यांना आणखी एका परीक्षेची ओळख हवी. परदेशी विद्यार्थ्यांसाठीची 'विद्यापीठ-प्रवेशपरीक्षा' २००२ पासून जून आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. भारतात तिचे केंद्र दिल्लीला आहे. तिच्या जपानीच्या प्रश्नपत्रिकेत वाचन व श्रवणास ४०० गुण आणि निबंधलेखनास ५० गुण असतात. प्राविण्य परीक्षेत जे लेखन नाही ते येथे आहे, आणि केवळ पर्याय खुणावून आलेल्यांची येथे तारांबळ उडते.

मराठी भाषकाला जपानी किती कठीण, याविषयी थोडे विषयांतर करतो. व्याकरणाच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. विभक्तीची कामे नामाच्या मागून येणारे छोटे शब्द करतात : 'तोक्यो नि' म्हणजे टोकियोला, 'तोक्यो कारा' म्हणजे टोकियोहून, 'वाताशि नो होन' म्हणजे माझे पुस्तक. प्रश्न विचारावयाचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावावयाचा : 'इकिमासु का?', म्हणजे 'जाता का?' इंग्रजीच्या वाटेने जपानी शिकणाऱ्याला जे वळण महिनोन्महिने अंगवळणी पडत नाही, ते मराठी माणसाला जन्मतःच आलेले असते. तेव्हा जपानीचे पाठ मनात इंग्रजीत उलथे करण्याऐवजी थेट मराठीवरून समजून घ्यावेत. लिपीची गोष्ट तर बौद्ध वाचकाला अधिकच जवळची आहे. जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. हा क्रम आपल्या वर्णमालेचाच आहे. मंत्र व धारणी यांच्या उच्चारासाठी जपानी भिक्षूंनी 'सिद्धम्' या भारतीय लिपीचा अभ्यास शतकानुशतके केला, आणि त्या अभ्यासातून ही मांडणी तेथे रुजली. च-वर्गाच्या जागी 'स' आणि प-वर्गाच्या आरंभी 'ह' का दिसतो, याचे कारण त्या व्यंजनांच्या प्राचीन उच्चारांत आहे. 'ह' हा पूर्वी 'प' होता असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिरागाना आणि काताकाना ही दोन्ही अक्षरे देवनागरी जाणणाऱ्यास पंधरवड्यात येण्यास हरकत नाही.

राहिली कांजी. तेथे दुसरा जवळचा मार्ग नाही. परंतु धम्माच्या अभ्यासकाला तीतही काही ओळखीचे चेहरे भेटतात. 'धम्म' या अर्थाचे 'हो' हे चिन्ह जपानीत कायद्याच्या 'होरित्सु' या शब्दात आहे, रीतीच्या 'होहो'त आहे आणि व्याकरणाच्या 'बुन्पो'तही आहे. एन-५ च्या पुस्तकात हे चिन्ह सहसा भेटत नाही. तेथे पाणी, डोंगर, दिवस, महिना, माणूस इतकेच. त्यावरून प्राथमिक परीक्षा आणि बौद्ध अध्ययन यांत किती मजल आहे, ते समजावे.

हे अंतर आमच्या वाचकांना विशेष महत्त्वाचे आहे. क्योतोची र्युकोकु, ओतानी, बुक्क्यो व हानाझोनो, टोकियोची कोमाझावा, रिश्शो व ताइशो आणि कोया पर्वतावरील कोयासान ही विद्यापीठे बौद्ध संप्रदायांशी निगडित असून तेथे बौद्ध विद्येची दीर्घ परंपरा आहे. कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभारण्यात आला, तेव्हा ते नाव आपल्याकडे अनेकांच्या प्रथमच कानी पडले. जपानी बौद्ध संशोधनाचा आवाका प्रचंड आहे. चिनी त्रिपिटकाची 'ताइशो' आवृत्ती १९२४ ते १९३४ या काळात शंभर खंडांत तेथे सिद्ध झाली, आणि पालि त्रिपिटकाचा जपानी अनुवाद १९३५ ते १९४१ मध्ये पासष्ट खंडांत पूर्ण झाला. या साहित्यावरील विवेचन जपानीत आहे आणि चर्चासत्रेही बहुतांशी जपानीतच चालतात. एन-१ उत्तीर्ण झालेल्यालाही चिनी ग्रंथ जपानी रीतीने वाचण्याची 'कान्बुन' पद्धती वेगळी शिकावी लागते. ती कोणत्याच परीक्षेत नाही. मात्र आपल्या अभ्यासकाकडेही एक भांडवल असते. ज्याचे पालि व संस्कृत पक्के आहे, त्याचे तेथील प्राध्यापक स्वागतच करतात. पालि सोडून केवळ जपानीच्या मागे लागणे हा म्हणूनच तोट्याचा सौदा ठरेल.

पैशाच्या प्रश्नातही भाषेची अट डोकावते. अनुसूचित जातींसाठीची केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, तसेच अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, या दोन्ही पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी आहेत. भाषा-विद्यालयाच्या दोन वर्षांना त्यांचा आधार नाही. शिवाय दोहोंना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असल्याने टोकियो वा क्योतो विद्यापीठ त्यांत बसते, परंतु वर उल्लेखिलेली संप्रदायनिगडित विद्यापीठे त्या यादीत सहसा आढळत नाहीत. अशा अभ्यासकाने जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या संशोधक-शिष्यवृत्तीकडे लक्ष द्यावे. तिच्यासाठी दूतावासामार्फत अर्ज करता येतो. तीत इंग्रजी आणि जपानी या दोन्ही विषयांची लेखी परीक्षा होते, पण जपानी अल्प येत असले तरी निवडीचे दार बंद होत नाही. निवड झालेल्यांना तेथे गेल्यावर सहा महिन्यांपर्यंत भाषेचे पूर्वशिक्षण देण्याची सोय आहे. ज्याच्या घरी गहाण ठेवण्यास काही नाही, त्याच्या दृष्टीने भाषा-विद्यालयाच्या वाटेपेक्षा ही वाट अधिक विचार करण्याजोगी आहे. ती लांब आहे, स्पर्धाही तीव्र आहे; पण तीत कर्ज नाही.

मध्यस्थांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. 'परीक्षा नको, तासांचे प्रमाणपत्र आम्ही देऊ' असे सांगणारे शहरोशहरी आहेत. १५० तासांचे प्रमाणपत्र ग्राह्य असते, हे खरे. पण ते खरोखर शिकल्याचे असावे लागते. जपानी शाळा विद्यार्थ्याची मुलाखत घेते, आणि ज्याने दीडशे तास अभ्यास केला त्याला आपले नाव, गाव आणि शिकण्याचा हेतू जपानीत सांगता येत नसेल तर कागद आपोआप खोटा ठरतो. एकदा दिलेली कागदपत्रे आप्रवासन कार्यालयाच्या दप्तरी राहतात. पुढच्या अर्जाच्या वेळी ती पुन्हा उघडली जातात. निवडलेली शाळा कोणत्या दर्जाची, हेही पाहावे. एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये भाषा-विद्यालयांच्या मान्यतेचा नवा कायदा अमलात आला असून ती मान्यता आता तेथील शिक्षण मंत्रालय देते. जुन्या शाळांना नव्या व्यवस्थेत येण्यासाठी मार्च २०२९ पर्यंतची मुदत आहे. शाळेला नवी मान्यता मिळाली आहे काय, नसल्यास तिने अर्ज केला आहे काय, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे. कुशल कामगारांच्या व्हिसासाठी २०१९ पासून जी वेगळी प्राथमिक भाषापरीक्षा सुरू झाली, तिची गल्लतही येथे होऊ देऊ नये. तो मार्ग नोकरीचा आहे, शिक्षणाचा नव्हे.

निवासपात्रता प्रमाणपत्र मिळाले की ते तीन महिनेच चालते. तेवढ्या अवधीत व्हिसा घेऊन जपानमध्ये दाखल व्हावे लागते. प्राविण्य परीक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत नसली तरी काही संस्था दोन वर्षांच्या आतीलच मागतात, म्हणून फार आधी परीक्षा देऊन थांबलेल्यांनी तेवढी चौकशी करावी. मूळ प्रमाणपत्र जपून न्यावे आणि त्याच्या प्रती घरीही ठेवाव्यात. शाळेत पोहोचल्यावर वर्ग ठरविण्यासाठी सर्वांचीच पुन्हा एक चाचणी घेतली जाते; व्हिसासाठी दाखविलेली पातळी काहीही असो, विद्यार्थ्याला कोणत्या बाकावर बसवावयाचे हे त्या दिवशीच्या उत्तरांवरूनच ठरते.